मेहनतीचा दर सांगायला लाज कसली?

शहापूर-मुरबाड तालुक्यांत आमचे तरुण मंडप, वायरिंग, टायपिंग, मजूर पुरवठा अशा छोट्या एजन्सी चालवू लागले आहेत, याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु दर सांगण्याची वेळ आली की जीभ अडखळते. "द्या तुम्हाला योग्य वाटेल ते!" हे वाक्य आले कोठून? ते बलुत्यातून आले. वतनात राबणाऱ्याने दर सांगायचा नसे. पदरात पडेल ते घ्यायचे. या राबणुकीविरुद्धच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले.

हिशेब साधा आहे. समजा, एका मंडपाला चार माणसांची मजुरी २४०० रुपये, टेम्पो १५००, कापड-बांबूची झीज ८००. खर्च झाला ४७००. त्यात स्वतःच्या दिवसाचे १००० आणि पावसाळ्यातील रिकाम्या महिन्यांसाठी १००० धरले, तर दर ६७०० होतो. "आपलेच आहात, पाच हजारांत करा," असे म्हणणारा समाजबांधव मालकाच्या हाती ३०० रुपये ठेवतो! मग कात्री लागते ती कातकरी-ठाकूर मजुराच्या मजुरीला. शोषणाविरुद्ध लढणाऱ्या चळवळीच्या माणसाने हे करावे काय?

गरिबाला सवलत जरूर द्यावी. पण आधी पूर्ण दर लिहावा, मग सवलत वजा दाखवावी. ती आपल्या कमाईतून द्यावी, मजुराच्या नव्हे. दर लेखी द्या, आगाऊ रक्कम घ्या, पावती फाडा. बलुते गेले, आता बलुत्याची सवयही गेली पाहिजे!