मनातील अढी

झाडावरून उतरविलेले कच्चे आंबे पिकावेत म्हणून ते गवतात रचून ठेवतात. या रचनेस अढी म्हणतात. जाणता मनुष्य अढी घालून स्वस्थ बसत नाही. तो मधून मधून आंबे हलक्या हाताने चाळून पाहतो आणि नासका आंबा दिसताच तो बाहेर काढतो. कारण त्याच्या संगतीने शेजारचे चांगले आंबेही नासू लागतात. दुसऱ्याविषयी मनात साठून राहिलेल्या कडूपणालाही मराठीत अढीच म्हणतात. पण ही अढी वेळच्या वेळी चाळून पाहण्याची दक्षता फार थोडे लोक घेतात.

ही अढी धरते तरी कशी? समजा, एखादा वर्गमित्र वाटेत भेटला आणि न बोलता पुढे निघून गेला. घडले ते एवढेच. परंतु मन तेवढ्यावर थांबत नाही. 'त्याला गर्व झाला आहे,' असे ते प्रथम म्हणते. 'त्याने मुद्दाम अपमान केला,' असे मागाहून ठरविते. आणि सायंकाळपर्यंत राईचा पर्वत होऊन बसतो. त्या मित्राच्या घरी कोणी आजारी असेल, त्याचे लक्षच नसेल, ही शंका मनाला शिवतही नाही. घटना मूठभर आणि कल्पना मात्र खंडीभर, असा हा व्यवहार आहे.

असले विचार बळाने हाकलू गेल्यास जात नाहीत. अंगणातून हुसकलेल्या कावळ्याप्रमाणे ते पुन्हा तेथेच येऊन बसतात. त्यांच्याशी झुंजण्यापेक्षा 'हा केवळ एक विचार आहे, घडलेली गोष्ट नव्हे,' हे ओळखावे, त्यास खतपाणी घालू नये आणि हातातील कामाकडे वळावे. तरीही शंका उरलीच, तर दुसऱ्या दिवशी त्या मित्रालाच सरळ विचारावे. मनात महिनाभर घोळणारा प्रश्न प्रत्यक्ष बोलण्याने पुष्कळदा क्षणात सुटतो.

येथे कोणी म्हणेल, 'अढी सोडावयाची, म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसावयाचा काय? आपले मत टाकून द्यावयाचे काय?' तसे मुळीच नाही. मत सोडणे निराळे आणि मताभोवती जमलेला राग सोडणे निराळे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या चरित्रात याचे उत्तम उदाहरण सापडते. समाजसुधारणेसाठी त्यांनी पुढाकार घेऊन चालविलेली सामाजिक परिषद १८८७ पासून राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाला जोडून भरत असे. १८९५ साली ते अधिवेशन पुण्यास भरावयाचे होते. सभेच्या मंडपात सामाजिक परिषद भरू नये, असा आग्रह लोकमान्य टिळकांच्या पक्षाने धरला आणि वाद विकोपास गेला. रानडे यांच्या पाठीशीही मोठा अनुयायीवर्ग होता. त्यांना हट्टास पेटणे कठीण नव्हते. परंतु त्यांनी मंडपाचा आग्रह सोडला. परिषद मात्र सोडली नाही. ती पुण्यातच निराळ्या जागी भरली. कोणती गोष्ट सोडावी आणि कोणती धरून ठेवावी, याचा विवेक त्यांच्या ठायी होता.

या प्रकरणाची दुसरी बाजूही तितकीच उदात्त आहे. १९०१ च्या जानेवारीत रानडे निवर्तले, तेव्हा टिळकांनी 'केसरी'त त्यांच्या थोरवीचा मनःपूर्वक गौरव केला. समाजसुधारणेच्या मार्गाविषयी दोघांचे मतभेद अखेरपर्यंत होते. परंतु त्या मतभेदांनी प्रतिपक्षाची योग्यता पाहण्याची दृष्टी झाकोळली नाही.

मतभेद कोठे नसतात? घरात, शाळेत, खेळाच्या मैदानावर ते असणारच. सर्वांच्या हो ला हो मिळविणे म्हणजे समतोल नव्हे, आणि जरा मन दुखावताच कायमचा अबोला धरणे म्हणजे स्वाभिमानही नव्हे. जे खरे वाटते ते स्पष्ट बोलावे, दुसऱ्याचे म्हणणे पुरते ऐकावे आणि वाद संपल्यावर त्याचा कडूपणा घरी घेऊन जाऊ नये. नासका आंबा वेळीच काढला, तर उरलेली अढी गोड पिकते. मनाचेही तसेच आहे.