विमानांचे भाडोत्री राष्ट्रीयत्व

जयपूरच्या सांगानेर विमानतळावरून शेखावाटीचे मजूर आखातात जातात. सीकर, चुरू, झुंझुनू येथील या कष्टकऱ्यांपैकी जो दहावीपर्यंत पोहोचला नाही, त्याच्या पारपत्रावर स्थलांतर-तपासणीचा शेरा असतो. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली मंजुरी मिळाल्याखेरीज त्याला तेथे रोजगारासाठी जाता येत नाही. याच धावपट्टीवर लग्नसराईत धनिकांची खासगी विमाने उतरतात. त्यांपैकी एखाद्यावर अमेरिकेचे ‘एन’ अक्षर असते, एखाद्यावर सान मारिनोचे ‘टी-७’. सान मारिनो म्हणजे इटलीच्या पोटातले अवघे ६१ चौरस किलोमीटरचे राज्य! विमानाचा मालक तेथे राहतो काय, हे कोणी विचारीत नाही.

१९४४ च्या शिकागो करारातील १७ व्या कलमानुसार विमान ज्या देशात नोंदलेले, त्या देशाचे त्याला राष्ट्रीयत्व मिळते. हेतू चांगला होता; प्रत्येक विमानाच्या उड्डाणयोग्यतेची जबाबदारी एका राज्यसंस्थेने घ्यावी. धनिकवर्गाने त्यातून पळवाट काढली. मालक बिऱ्हाड दुसऱ्या देशात हलवतो, विमान मात्र जुन्याच नोंदवहीत ठेवतो. कारण नोंदणी बदलायची तर नव्याने तपासण्या, कागदपत्रे आणि बहुधा कर. मग देखभालीची कसरत सुरू होते. अमेरिकी नोंदणीच्या विमानाची दुरुस्ती झाल्यावर सही करायला साधारणतः अमेरिकी विमान प्रशासनाचे प्रमाणपत्र असलेला तंत्रज्ञ अथवा त्याने मान्य केलेली कार्यशाळा लागते. आपल्या संचालनालयाचा परवाना वर्षानुवर्षे घासून मिळवलेला अभियंता शेजारी उभा असला, तरी केवळ त्या परवान्यावर त्याची सही चालत नाही. कौशल्याला सीमा आहे, मालकीला नाही.

परदेशी माणसाला, तो तेथला कायम रहिवासी नसेल तर, अमेरिकेत स्वतःच्या नावाने विमान नोंदवता येत नाही. त्यासाठी विश्वस्त संस्थांचा बुरखा आहे. टेक्सासमधील ओनालास्का या लहानशा गावात विमानतळच नाही. तरीही एका विश्वस्त कंपनीमार्फत हजारावर विमाने त्या गावच्या पत्त्यावर नोंदलेली असल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. खरे मालक कोण, हे नोंदवहीतून कळत नव्हते. अमली पदार्थांच्या वाहतुकीशी या व्यवहाराचा संबंध जोडून खटला झाला आणि २०२३ मध्ये कंपनीच्या मालकिणीला दोषी ठरवण्यात आले.

‘हा परक्यांचा प्रश्न’ असे म्हणणाऱ्यांनी हैदराबादकडे पाहावे. मार्च २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने शमशाबाद विमानतळावर ‘एन’ नोंदणीचे एक हॉकर जेट जप्त केले. बिलवटावाच्या नावाखाली हजारो ठेवीदारांकडून सुमारे १,७०० कोटी रुपये गोळा केल्याचा आरोप असलेल्या कंपनीशी ते संबंधित होते. मुख्य संशयित त्याच वर्षी जानेवारीत याच विमानाने देशाबाहेर गेला, असे तपासयंत्रणेचे म्हणणे आहे. आरोप सिद्ध व्हायचे आहेत. पण ठेवीदार पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवीत असताना ज्याच्यावर त्यांचे बोट आहे तो स्वतःच्या आसनावर बसून उडून जातो, हे सिद्ध करायला न्यायालयाची वाट कशाला पाहायची?

विमानापुरते हे थांबत नाही. राजस्थान क्रिकेट संघटनेचे माजी अध्यक्ष ललित मोदी २०१० मध्ये लंडनला गेले. पुढे त्यांनी वानुआतू या बेटराष्ट्राचे नागरिकत्व घेतले. मार्च २०२५ मध्ये तेथील पंतप्रधानांनी ते रद्द करण्याचा आदेश दिला. विकत मिळणारे राष्ट्रीयत्व विमानाला चालते, तर माणसाला का नको, असाच हिशेब असावा!

‘खासगी मालमत्तेत सरकारने नाक खुपसू नये,’ असा कांगावा होईल. पण धावपट्टी खासगी संपत्ती नव्हे, आकाशही नव्हे. (सांगानेरचा कारभार २०२१ पासून पन्नास वर्षांसाठी अदानी समूहाकडे गेला, हा निराळा विषय.) २०२५ मध्ये संसदीय समितीनेच नमूद केले की, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातील जवळपास निम्मी मंजूर पदे रिकामी आहेत. ती भरा. येथे मुक्काम करणाऱ्या प्रत्येक परदेशी नोंदणीच्या विमानाचा खरा मालक, मुक्कामाचे दिवस आणि देखभालीची सही करणाऱ्याचे नाव जाहीर नोंदवहीत आणा. मजुराच्या पारपत्रावरचा शेरा वाचायला सरकारला माणसे मिळतात. हे वाचायलाही मिळतील.