आईची बोली आणि मंडळीची भाषा

कॅनडातील कादंबरीकार रूडी वीब यांच्या ‘द ब्लू माउंटन्स ऑफ चायना’ (१९७०) या कादंबरीत फ्रीडा फ्रीझन ही वृद्ध मेनोनाइट स्त्री आपली जीवनकहाणी चार तुकड्यांत सांगते. मॅनिटोबा प्रांतात ती वाढली, विवाहित झाली, आई झाली. आणि १९२० नंतरच्या दशकात कुटुंबासह पॅराग्वेतील चाकोच्या रानात गेली. बरेवाईट सारे ईश्वराच्याच हातून येते, ही वडिलांची शिकवण तिने जन्मभर उराशी धरली. अशा स्त्रीला एक तर संतपदी बसवावे, नाही तर पुरुषसत्तेचा बळी ठरवून मोकळे व्हावे, असा मोह वाचकाला होतो. दोन्ही निर्णय घाईचे होत.

मेनोनाइट हा सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेतून निघालेला, शस्त्र हाती न धरणारा ख्रिस्ती पंथ. नेदरलँड्स, प्रशिया, दक्षिण रशिया आणि १८७४ पासून मॅनिटोबा, अशी त्यातील एका शाखेची वाटचाल. १९१६ मध्ये मॅनिटोबा सरकारने शाळांतून इंग्रजी माध्यम सक्तीचे केले. उलट पॅराग्वेने १९२१ च्या कायद्याने लष्करी सेवेतून सूट व स्वतःच्या जर्मन शाळांची मुभा दिली. १९२६-२७ मध्ये सुमारे सतराशे माणसे तिकडे निघाली. पोहोचल्यावर कळले की, जमिनीची मोजणीच झालेली नाही. पोर्तो कासादो येथील नदीकाठच्या छावणीत त्यांना वर्षाहून अधिक काळ काढावा लागला. दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत लहान मुले पुष्कळ. देशांतराचा विचार मंडळीच्या ज्या सभेत ठरला, तीत स्त्रियांना मत नव्हते.

आता हे सारे ज्या भाषेसाठी घडले ती कोणती? ती उच्च जर्मन : बायबलची, प्रवचनाची, शाळेची. फ्रीडासारखी आई तापाने फणफणलेल्या मुलाशी बोलत असे ती प्लाउटडिच, घरची बोली. तिला ना शाळेत स्थान होते, ना व्यासपीठावर. या बोलीत नवा करार छापला जाण्यास १९८७ साल उजाडावे लागले. (घरी अहिराणी किंवा मालवणी आणि शाळेत प्रमाण मराठी, हे अनुभवलेल्यांना यात नवल वाटणार नाही.) म्हणजे मुलांच्या भाषेसाठी मुले गमावली, असेही म्हणता येत नाही. गमावली ती पुरुषांच्या ग्रंथभाषेसाठी. आणि उरलेल्यांना मातेने वाढविले ते मात्र, कोणाचीही परवानगी न मागता, आपल्याच बोलीत. तिच्या आज्ञाधारकपणातला हा भाग मंडळीच्या ठरावांत सापडणार नाही.

मराठी वाचकाला येथे लक्ष्मीबाई टिळक आठवतील. १९०० साली बाप्तिस्मा घेतलेल्या, शालेय शिक्षण नसलेल्या या बाईंची घरगुती मराठी ‘स्मृतिचित्रे’च्या रूपाने १९३४ पासून जशीच्या तशी ग्रंथात आली. तेथे बोलणारी आणि लिहिणारी एकच होती. फ्रीडाचे तसे झाले नाही. तिला शब्द दिले ते सस्कॅचवानमध्ये १९३४ साली जन्मलेल्या, घरी प्लाउटडिच बोलत मोठ्या झालेल्या पुरुषाने, आणि तेही इंग्रजीत. वीब यांनी ती इंग्रजी बोलीच्या वळणाने वाकविली, शब्दक्रम मोडला. हा त्यांचा मोठा गुण. तरीही, ज्या इंग्रजीला टाळण्यासाठी फ्रीडाच्या लोकांनी चाकोत थडगी बांधली, तिच्यातच फ्रीडा आज वाचावी लागते.