पॅकेज विचारता, कॅप्नोग्राफ विचारता का?

आपल्याकडे कोणाचं ऑपरेशन ठरलं की घरात संसद भरते. सर्जन कोण, त्याचा हात कसा आहे, पॅकेज किती, मेडिक्लेम कॅशलेस होईल का, खोली एसी मिळेल का... दोन दिवस नुसता काथ्याकूट! भूल कोण देणार आणि कशावर देणार, हा प्रश्न मात्र कोणी काढत नाही. बिलात भूलतज्ज्ञाची फी दिसली की तेवढी कपाळाला आठी पडते. "एक इंजेक्शन द्यायचे एवढे?"

या वाक्याचा मला राग येतो.

अहो, इंजेक्शन ही फक्त सुरुवात. पूर्ण भूल देऊन स्नायू सैल करणारं औषध दिलं की पेशंटचा स्वतःचा श्वास थांबतो. तिथून पुढे त्याचा श्वास मशीनच्या हवाली. सिलिंडरमध्ये सुमारे १३७ बार दाबाने कोंडलेला ऑक्सिजन ४ बारच्या आसपास उतरवायचा, मोजून सोडायचा, त्यात भुलेच्या औषधाची वाफ ठरल्या टक्क्याने मिसळायची आणि फुफ्फुसात पोचवायची. परत येणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड सोडालाइमच्या डब्यात शोषला जातो. चुकीचा सिलिंडर जोडला जाऊ नये म्हणून प्रत्येक वायूसाठी पिनांची जागा वेगळी. थोडक्यात, माणूस चुकणारच हे धरून हे मशीन बनवलंय.

बरं, पेशंट ठीक आहे हे कळणार कसं? इथे सगळे लगेच म्हणतील, "बोटाला लावतात की ते!" २०२०-२१ च्या कोविडने ऑक्सिमीटर घराघरात आणला, त्यामुळे आकडा बघायला सगळे शिकले. पण तो आकडा रक्तातला ऑक्सिजन सांगतो, श्वास चालू आहे की नाही ते सांगत नाही. भूल देण्याआधी फुफ्फुसं ऑक्सिजनने भरून घेतात. त्यामुळे श्वासाची नळी चुकून अन्ननलिकेत गेली, तरी आकडा काही मिनिटं ९९ दाखवू शकतो. तो घसरायला लागेपर्यंत हातातला मोलाचा वेळ गेलेला असतो.

हे लगेच सांगतो तो कॅप्नोग्राफ. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक श्वासातला कार्बन डायऑक्साइड तो मोजतो आणि पडद्यावर त्याच्या लाटा उमटतात. नळी चुकली किंवा निसटली की काही श्वासांतच लाट सपाट! ऑक्सिजनशिवाय मेंदू काही मिनिटंच तग धरतो. त्या हिशोबात हा फरक केवढा मोठा आहे बघा.

१२ जानेवारी १९२४ ला आपल्या ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली आणि ते कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. तेव्हा यातलं एकही यंत्र नव्हतं. भूल देणाऱ्याची भिस्त नाडीवरच्या बोटांवर आणि स्वतःच्या डोळ्यांवर. आज यंत्रं आहेत आणि आपण ती आहेत का एवढंही विचारत नाही, याला काय म्हणायचं?

आणि यंत्र असलं म्हणजे झालं असंही नाही. १९८६ मध्ये हार्वर्डच्या रुग्णालयांनी भुलेच्या वेळच्या देखरेखीचे किमान नियम छापले. त्यात भूल देणाऱ्याने सतत पेशंटपाशी हजर राहावं, ही मूळ अट होती. अलार्म वाजवणं यंत्राचं काम. तो का वाजला हे माणसालाच ओळखावं लागतं. त्या माणसाची फी घासाघीस करून कमी करायची आणि खोली मात्र डिलक्स घ्यायची, हा कुठला व्यवहार?

"डॉक्टरांना राग येईल" म्हणे. चांगल्या भूलतज्ज्ञाला या प्रश्नाचा राग यायचं काही कारण नाही. उलट कोणीतरी आपल्या कामाची दखल घेतली म्हणून बरंच वाटेल. आणि राग आलाच, तर तेही आधी कळलेलं बरं.

इमर्जन्सीची गोष्ट वेगळी, तिथे विचारत बसायला वेळ नसतो. पण तारीख ठरवून केलेल्या ऑपरेशनला तीनच प्रश्न विचारा. भूलतज्ज्ञ कोण आणि ऑपरेशनआधी भेटणार का? ते शेवटपर्यंत थिएटरमध्ये थांबणार का? कॅप्नोग्राफ आहे का, आणि चालू आहे का?

कॅन्टीनच्या चहाची चौकशी त्यानंतर करू.