खाडीकाठच्या घरात बहिणीचा खण कुठला?

कोकणातल्या मुस्लिम तरुणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हल्ली एक गाऱ्हाणे सतत फिरते. किनारा विकला जातोय, मुंबई-पुण्याचे पैसेवाले येऊन रिसॉर्ट बांधताहेत, उद्या आपल्याच बंदरात आपण पाहुणे होऊ. गाऱ्हाणे खरे आहे. हर्णैपासून खाली जयगड, रत्नागिरी, साखरीनाटेपर्यंत कुठेही जा, समुद्र दिसणारी जागा विचारत फिरणारा दलाल भेटतोच. मात्र दलालासमोर कागद घेऊन बसतो तो कोण असतो, हे त्या ग्रुपवर कुणी लिहीत नाही. तो आपला चुलता असतो, आपला मोठा भाऊ असतो. आणि त्या कागदावर आपल्या आत्याचे, बहिणीचे नाव नसते.

मी होडीवाल्यांच्या मोहल्ल्यात वाढलो. आमच्याकडे मालमत्ता म्हणजे तीन गोष्टी: राहते घर, थोडी नारळी-पोफळीची वाडी आणि होडी. या तिन्हींची वाटणी कशी होते ते मी लहानपणापासून बघतोय. बाप वारला की चाळिसाव्यापर्यंत सगळे रडतात, त्यानंतर भाऊ बसतात आणि आपापसात ठरवतात. बहिणींना चहा करायला सांगतात.

हिशेब मांडून पाहू. माणूस वारला, मागे बायको, 2 मुलगे, 3 मुली. सूरह निसाप्रमाणे बायकोला एक अष्टमांश. उरलेल्या सात अष्टमांशांचे सात वाटे, मुलाला दोन आणि मुलीला एक. म्हणजे प्रत्येक मुलीला एक अष्टमांश, तिघींचे मिळून तीन अष्टमांश. त्यात आईचा एक मिळवा. निम्मे घर बायकांचे झाले! मुलीला मुलाच्या निम्मा वाटा का, हा वाद मला महत्त्वाचा वाटतो आणि तो मी संविधानाच्या बाजूने घालतो. पण आमच्या मोहल्ल्यात तो वाद घालायची वेळच येत नाही, कारण निम्मासुद्धा कुणी देत नाही. शरियत वाचवायला मोर्चात सगळ्यात पुढे असलेला माणूस वाटणीच्या दिवशी शरियत घडी घालून फडताळात ठेवतो.

मग ठरलेली उत्तरे येतात. "तिच्या लग्नात खर्च केला ना." लग्नातला खर्च वारसाहक्कातून वजा होतो असे कुठल्याही फिक्हमध्ये लिहिलेले नाही. भावाच्या लग्नातही बिर्याणीच्या डेगा चढल्या होत्या, त्या त्याच्या वाट्यातून कुणी कापल्या नाहीत. दुसरे उत्तर, "तिनेच राजीखुशीने सोडले." राजीखुशी कशी असते तेही बघा. भाऊ कुवेतहून 20 दिवसांच्या सुट्टीवर आलेला, रिक्षा दारात उभी, दुय्यम निबंधकाकडे वेळ घेतलेली, हक्कसोडपत्र टाइप होऊन तयार. बहीण नाही म्हणाली तर उद्या तिच्या मुलीच्या लग्नात मामा येणार नाही. काही शे रुपयांच्या मुद्रांकावर तिचा आयुष्यभराचा आसरा जातो आणि घरी परत आल्यावर सगळे म्हणतात, पोरगी गुणी आहे.

एक गोष्ट तरुण मुलींनी नीट ध्यानात ठेवावी. बाप हयात असताना मुलीकडून "मला काही नको" असे लिहून घेतले असेल तर मुस्लिम कायद्यात त्या कागदाला मुळात किंमत नाही. वारसाचा हक्क मृत्यूनंतरच जन्मतो, जन्मलाच नाही तो सोडणार कसा? अपवाद आहे: मोबदला घेऊन कुणी तसे कबूल केले आणि बाकीचे त्यावर विसंबले, तर नंतर हक्क सांगता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गुलाम अब्बास प्रकरणात 1973 साली म्हटले आहे. म्हणून कुणी "हे घे पन्नास हजार आणि सही कर" म्हणाले तर ते पैसे कशाचे आहेत, हे आधी विचारा. आणि 1937 च्या शरियत कायद्याची जी एवढी बूज राखली जाते, त्याच्या कलम 2 मध्ये शेतजमीन कंसात घालून वगळलेली आहे. वाडीचा विषय आला की या कंसावर आपल्या एकाही मोठ्या नेत्याने आवाज चढवलेला मी ऐकला नाही.

होडीचे तर विचारूच नका. होडी ही चल मालमत्ता, तिच्यातही सगळ्या वारसांचा वाटा. पण बाप गेला की होडी पाण्यातून वर ओढायच्या आधी नोंदणी आणि परवाना मुलाच्या नावावर जातो. बायका दर्यात जात नाहीत, त्यांना होडी कशाला, असे म्हणतात. जेटीवर पहाटे मासळी लिलावात घेऊन बाजारात बसते कोण? कोलंबी सोलून सोडे करते कोण, उन्हाळाभर वाळवण राखते कोण? डिझेलला पैसे कमी पडले तेव्हा गळ्यातले गहाण कुणाचे पडले? गंमत म्हणजे प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पुरुषाला 40 टक्के आणि स्त्रीला 60 टक्के अनुदान आहे, हे कळले की त्याच घरात बाईचे नाव कागदावर चालते. सरकारकडून घ्यायचे असेल तर ती मालक, भावाने द्यायचे असेल तर ती परक्या घरची.

आता हे किनाऱ्याच्या विक्रीशी कसे जोडलेले आहे ते सांगतो. मुस्लिम कायद्यात हिंदू एकत्र कुटुंबासारखी जन्मसिद्ध सामाईक मालकी नसते. मृत्यूच्या क्षणी प्रत्येक वारसाचा वाटा ठरून जातो आणि आपला वाटा तो एकटा विकू शकतो. त्यात आपण तीन-तीन पिढ्या वारसनोंद करत नाही. सातबारावर अजून पणजोबा बसलेले असतात. काहींना तर सातबाराही नसतो, गावठाणातल्या घराची नुसती घरपट्टीची पावती असते आणि घरपट्टी म्हणजे मालकी नव्हे. अशा गोंधळात दलाल पैशांच्या अडचणीतला एक वारस गाठतो, त्याचा वाटा स्वस्तात घेतो आणि सहहिस्सेदार म्हणून पूर्ण घरात पाय ठेवतो. बहिणींची नावे चढलेली असती, तर तीन जणी वेगळ्या सह्या मागणाऱ्या निघाल्या असत्या. सौदा अडला असता. निदान भाव तरी नीट ठरला असता.

सीआरझेडच्या 2011 च्या अधिसूचनेत पारंपरिक किनारी समाजाची परवानगीविना राहिलेली घरे नियमित करण्याची वाट ठेवली होती. अटी दोन: घराचा धंद्यासाठी वापर नको, आणि ते किनारी समाजाबाहेर विकायचे नाही. किती मोहल्ल्यांत ही अधिसूचना कुणी वाचून दाखवली? जुमाच्या बयानात पायजम्याच्या लांबीवर अर्धा तास जातो. पुढे जानेवारी 2025 मध्ये मिरकरवाडा बंदरातली शेकडो बांधकामे अतिक्रमण म्हणून पाडली गेली, तेव्हा सगळीकडे एकच धावपळ होती: कागद शोधा. त्या कारवाईवर माझेही प्रश्न आहेत, त्यामागच्या राजकारणावर तर आहेतच. पण ज्या समाजाने घरातल्या वाटण्या कागदावर येऊच दिल्या नाहीत, त्याचा हात बुलडोझरसमोर रिकामाच असणार.

"वातावरण वाईट आहे, घरातले बाहेर काढू नका," असे मला दोन ज्येष्ठांनी सांगितले. वातावरण वाईट आहेच. उत्तराखंडात समान नागरी कायदा जानेवारी 2025 पासून लागू झाला आणि तो आणणाऱ्यांना मुस्लिम बहिणीचा कळवळा किती, हे मी ओळखून आहे. पण बहिणीला वाटा देण्यासाठी चांगले वातावरण येईपर्यंत थांबायचे, तर वाडी विकून होईल. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी 1966 साली सात मुस्लिम महिलांना घेऊन विधानभवनावर मोर्चा नेला, तेव्हाही वातावरण चांगले नव्हते. ते आपल्याच वाशिष्ठीकाठचे.

या ईदला आखातातले भाऊ घरी येतील. तेव्हा सातबारा, आठ-अ आणि असेल तर मिळकत पत्रिका काढून दस्तरखानवर ठेवा. बाप गेलेला असेल तर तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्या, सगळ्या बहिणींची आणि आईची नावे त्यात लिहा. जमिनीवर मिळालेला हक्क 3 महिन्यांत कळवावा असे महसूल संहिताच सांगते. आपण कोकणी बहुतेक शाफई. शाफई मतात शुफाचा, म्हणजे विक्रीत आधी घेण्याचा हक्क सहहिस्सेदाराला आहे. जमातीने तो स्वतःहून पाळायचे ठरवले तर कुणाची परवानगी लागत नाही: बाहेर विकण्याआधी बहिणीला विचारायचे, तिला घ्यायचे आहे का. आमच्या जमातीत हा ठराव मी मांडला आहे. पहिल्या बैठकीत तो पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. त्या पुढच्या बैठकीला बायकांना बसायला जागा असावी, एवढी दुरुस्ती मी त्याला जोडली आहे.