अकादमीची पंगत आणि खर्ड्याची वस्ती

मी खर्ड्याचा. जामखेड तालुक्यातील या गावाचे नाव इतिहासात येते ते 1795 साली मराठे आणि निजाम यांच्यात झालेल्या लढाईमुळे. त्या लढाईची एक आख्यायिका आपल्या समाजात अजून सांगितली जाते. शिदनाक महार या लढवय्याचा तंबू इतर सरदारांच्या तंबूंलगत पडला, तेव्हा विटाळाची तक्रार झाली. परंतु रणात जात पाहावयाची नसते असा निवाडा मिळाला आणि तंबू तेथेच राहिला. ही कथा ऐकून आपल्या लोकांची छाती अभिमानाने भरून येते. माझ्या वकिली मनात मात्र एकच प्रश्न उभा राहतो. लढाई संपल्यावर त्या तंबूची जागा कोठे राहिली?

हा प्रश्न मला पुन्हा आठवला तो अधिकाऱ्यांच्या एका प्रशिक्षण संस्थेच्या वसतिगृहात. काही वर्षांपूर्वी ॲट्रॉसिटी कायद्यावर व्याख्याने देण्यासाठी मी तेथे चार दिवस मुक्कामास होतो. संस्थेचे नाव सांगत नाही, कारण दोष एका संस्थेचा नाही. पहाटे सर्वांची एकत्र कवायत, सर्वांना एकच भोजनगृह. शेतमजुराचा मुलगा आणि डॉक्टरांची मुलगी एका टेबलावर जेवत होती. ते पाहून मन भरून आले. 1917 साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या बाबासाहेबांना, परदेशात उच्च शिक्षण घेऊनही, त्या शहरात राहावयास जागा मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमातूनही त्यांना अपमान सोसून बाहेर पडावे लागले. आज त्यांच्याच समाजाचा मुलगा सरकारी वसतिगृहात हक्काने राहतो. हे राज्यघटनेचे फळ आहे आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु दुसऱ्या रात्री आपल्या समाजाचा एक प्रशिक्षणार्थी माझ्या खोलीवर आला. दार लावून घेऊन म्हणाला, "सर, येथे जात कोणी विचारीत नाही, रँक विचारतात. रँक सांगितला की जात आपोआप कळते. म्हणून बाबासाहेबांचा फोटो मी पेटीतच ठेवला आहे." तिसऱ्या दिवशी मी वर्गात विचारले, ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम 4 कोणास लागू होते? वर्ग गप्प. थोड्या वेळाने पहिला प्रश्न आला तो असा : या कायद्याचा गैरवापर कसा थांबवावा?

कायदा वाचण्यापूर्वीच त्याच्या गैरवापराची चिंता! हीच का ती एकत्र राहण्यातून आलेली समता?

आता माझ्या गावाकडे चला. 28 एप्रिल 2014 रोजी खर्ड्यात शाळेत शिकणाऱ्या एका सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. सारा महाराष्ट्र हादरला, मंत्री येऊन गेले, आश्वासने झाली. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. निकालाचा मान मी वकील म्हणून राखतो. पण तो मुलगा तर मेलाच ना? मग त्याला मारले कोणी, याचे उत्तर त्याच्या आईबापांनी कोणाकडे मागावयाचे?

साक्षीदार एका दिवसात फितूर होत नाही. गावात रोज भीतीखाली राहून तो फितूर होतो. ही भीती दूर करण्याचे काम प्रशासनाचे आहे. 1995 च्या नियमांनुसार जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांनी अत्याचाराच्या जागी स्वतः गेले पाहिजे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा बसले पाहिजे. कायद्यातील 2015 च्या दुरुस्तीने साक्षीदारांच्या संरक्षणाचे हक्कही लिहून दिले आहेत. आणि कलम 4 सांगते की, अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या ज्या लोकसेवकाने ही कर्तव्ये जाणूनबुजून टाळली, त्याला सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद. मात्र त्यासाठी आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. म्हणजे अधिकाऱ्यांची चौकशी प्रशासनानेच करावयाची! ज्या वर्गाला मी प्रश्न विचारला, त्याच वर्गातून उद्याचे अधिकारी निघणार होते.

"एकत्र राहिले, एकत्र जेवले की जात जाते," असे या प्रशिक्षणाचे समर्थक म्हणतात. हे मला मान्य नाही. सरकारी खर्चाच्या पंगतीत कोणास काही गमवावे लागत नाही. समतेची कसोटी लागते ती तालुक्याला रुजू झाल्यावर, गावचा पुढारी समोर खुर्चीवर बसलेला असतो आणि आपला माणूस दारात अर्ज घेऊन उभा असतो तेव्हा. संविधानाचा आराखडा नुसता बदलून नव्हे, तर कारभाराची पद्धत बदलूनही संविधानाचा आत्मा मारता येतो, हा इशारा बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत दिला होता. 1959 साली स्थापन झालेल्या मसुरीच्या राष्ट्रीय अकादमीने तर शीलालाच सर्वश्रेष्ठ भूषण मानणारे ब्रीद घेतले आहे. शील हा शब्द आम्हा बौद्धांना नवा नाही. शील पाळावयाचे असते, मिरवावयाचे नसते.

मसुरीत घोडेस्वारी आहे, हिमालयातील पदभ्रमण आहे, खेड्याची भेटही आहे. त्यांना माझा विरोध नाही. माझी मागणी साधी आहे. खेड्याच्या भेटीत प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने दलित वस्तीत मुक्काम करावा आणि तेथलेच अन्न खावे. निर्दोष सुटकेत संपलेल्या एका तरी ॲट्रॉसिटी खटल्याचे कागद त्याने फिर्यादीपासून निकालापर्यंत वाचावेत. आणि दक्षता समितीच्या किती बैठका घेतल्या, याची नोंद त्याच्या गोपनीय अहवालात व्हावी.

आपल्या समाजातून गेलेल्या अधिकाऱ्यांना माझे सांगणे आहे : तो फोटो पेटीतून काढा. तुमची खोली त्या माणसाने मिळवून दिली आहे.

आणि वाचकहो, तुम्ही स्वस्थ बसू नका. माहितीचा अधिकार 2005 पासून तुमच्या हाती आहे. आपल्या जिल्ह्यातील दक्षता समितीच्या गेल्या दोन वर्षांच्या इतिवृत्तांच्या प्रती मागणारा अर्ज याच आठवड्यात करा. बैठका झाल्या असतील तर त्यांत काय ठरले ते वस्तीत वाचून दाखवा. झाल्या नसतील तर त्याचा जाब विचारा. रणापुरत्या मिळालेल्या तंबूच्या जागेवर आम्ही आता समाधान मानणार नाही.