चौथी बाजू

गेल्या रविवारी आमच्या घरात सतरंजीवर एक मोटार तीन तास बंद पडून होती. मोटार म्हणजे काय, तर टॉर्चचा एक मोठा सेल, त्याच्या दोन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळलेल्या दोन सेफ्टी पिना, सेलच्या पोटाला चिकटलेलं लोहचुंबक, आणि पिनांच्या गोल डोळ्यांत दोन्ही टोकं टेकवून बसलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं. सातवीतली भाची त्याला टिचकी मारत होती. वेटोळं अर्धी गिरकी घ्यायचं, दचकल्यासारखं मागं यायचं आणि डुलत डुलत थांबायचं.

“व्हिडिओ नीट बघितलास ना?”

“नऊ वेळा बघितला, मावशी.”

मीही दोनदा पाहिला होता आणि “अगं, सोप्पंय की!” असं म्हणून भाजी निवडायला गेले होते. तर ते एक.

व्हिडिओ अरविंद गुप्तांचा होता. कानपूरच्या आयआयटीतून शिकून पुण्यात टेल्कोत लागलेला हा माणूस १९७८ साली रजा काढून मध्य प्रदेशात होशंगाबादला गेला. तिथं खेड्यातल्या शाळांत विज्ञान शिकवण्याचा उपक्रम चालू होता. आठवडी बाजारात मिळेल त्यातून त्यांनी खेळणी करायला घेतली. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब एवढ्यावर त्यांनी त्रिकोण, चौकोन, घनाकृती उभ्या केल्या. पुढं पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी सहकाऱ्यांबरोबर या खेळण्यांच्या छोट्या छोट्या फिल्मा केल्या. बऱ्याचशा मिनिट-दोन मिनिटांच्या, मराठीसकट अनेक भाषांत, सगळ्या फुकट. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला या फिल्मांमधलं सर्वांत आवडतं काय, तर त्यांत बहुतेक वेळ फक्त हात दिसतात. कात्री धरणारे, कागद दुमडणारे, नखानं घडी दाबणारे हात. पाठीमागं नाचणारी अक्षरं नाहीत, “नमस्कार मित्रांनो” नाही, “चॅनेलला सबस्क्राइब करायला विसरू नका” नाही.

आमच्या आईची या बाबतीतली तक्रार जुनी आहे. पंचाहत्तरीत तिला व्हिडिओ बघायचा नाद लागला. मोदकाला एकवीस कळ्या पाडणारी बाई म्हणून नावाजलेली कोणी तरी तिनं शोधून काढली. आठ मिनिटांच्या व्हिडिओत साडेसहा मिनिटं त्या बाईंचा हसरा चेहरा आणि साडी. कळ्या पाडायची वेळ आली तेव्हा झाला फास्ट फॉरवर्ड, वर संगीत. “मेली हात सोडून सगळं दाखवते,” आई म्हणाली. शिकवण्याच्या शास्त्रावर इतकी नेमकी टीका मी दुसरीकडं वाचलेली नाही.

आता शिकवणारे व्हिडिओ एवढे छोटे का, याचीही गंमत आहे. २००४ साली अमेरिकेत सलमान खान नावाचा बंगाली घरातला तरुण (आपला नव्हे) बोस्टनमध्ये नोकरी करत होता. न्यू ऑर्लीन्समधल्या नादिया या बारा वर्षांच्या नात्यातल्या बहिणीला गणितात एककांचं रूपांतर अडलं, म्हणून तो तिला फोनवरून शिकवू लागला. मग आणखी भावंडं आली, वेळ पुरेना, तेव्हा २००६ पासून त्यानं धडे यूट्यूबवर टाकले. त्या वेळी यूट्यूबवर दहा मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ चढत नसे. म्हणून धडे दहा मिनिटांचे. पाठ केवढा असावा हे आधी संकेतस्थळाच्या नियमानं ठरलं, शिक्षणशास्त्र मागाहून आलं. त्यातून पुढं खान अकॅडमी झाली, आणि गणितापासून इतिहासापर्यंत सगळं त्या काळ्या फळ्यावरच्या रंगीत खडूनं शिकवलं जाऊ लागलं. खान स्वतः एक किस्सा सांगतो. भावंडांनी त्याला सांगितलं, तू समोर असण्यापेक्षा आम्हाला यूट्यूबवरचाच तू बरा वाटतोस.

हे ऐकून लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. मी शाळेत असताना त्रैराशिक तिसऱ्यांदा विचारायला कधी हात वर केला नाही. वर्गातल्या पंचावन्न माना आपल्याकडं वळतात, बाई सुस्कारा सोडतात, हे ज्यानं अनुभवलंय त्याला थांबवता येणाऱ्या शिक्षकाची किंमत कळेल. व्हिडिओ सुस्कारा सोडत नाही. नवव्यांदाही त्याच आवाजात सांगतो.

आमच्या वेळी थांबवता येणारं काही नव्हतं. पुण्यात १९८४ साली शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम करणारी बालचित्रवाणी सुरू झाली, तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून यायचे. शाळेतला टीव्ही हेडसरांच्या खोलीत, लाकडी दारांच्या कपाटात, किल्ली शिपाईमामांकडं. मामा जेवायला गेले असतील तर त्या दिवशी फुलाचं परागीभवन होत नसे. झालंच, तर एकदाच व्हायचं. ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ हे ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ सुरू झालं. आता बालभारतीच्या पुस्तकात धड्याशेजारी क्यूआर कोडचा चौकोन असतो, मोबाइल धरला की व्हिडिओ हजर. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांचं नाव या चौकोनाशी कायमचं जोडलं गेलं, आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. कपाटाची किल्ली मुलांच्या हातात आली, हे खरंच मोठं झालं. मोबाइल घरी कोणाच्या खिशात असतो आणि तो खिसा किती वाजता घरी येतो, हा प्रश्न राहतोच, पण तो पुन्हा कधी तरी.

सतरंजीवरची मोटार मात्र ढिम्म. शेवटी भाची ते सगळं पितळीत घालून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या वाइंडिंगच्या दुकानात घेऊन गेली. तार तिथूनच आणली होती, जळक्या पंख्याच्या कॉइलमधली मीटरभर, फुकट. मीही मागोमाग गेले. दुकानदारांनी हातातलं काम बाजूला ठेवलं, वेटोळं उचलून उजेडात धरलं, टोकं फिरवून पाहिली आणि एकच विचारलं.

“टोकं पूर्ण घासलीस का गं?”

“हो काका, सगळीकडून. चकाचक!”

“मग कशी फिरंल?”

ही तार उघडी दिसत असली तरी तिच्यावर वार्निशचा पातळ थर असतो. तो टोकांवरून खरवडल्याशिवाय वीज आत जात नाही, इथपर्यंत भाचीचं बरोबर होतं. पण खरवडायचा फक्त तीन बाजूंनी. चौथी बाजू तशीच ठेवायची. सगळीकडून खरवडला की वीज सतत वाहते. मग चुंबक वेटोळ्याला अर्ध्या फेरीत पुढं ढकलतं आणि पुढच्या अर्ध्यात मागं. चौथ्या बाजूचा लेप राहिला तर ती बाजू पिनेवर टेकते तेवढा वेळ वीज तुटते, वेटोळं आधीच्या झोकात ती अडचणीची जागा ओलांडतं, आणि पुन्हा ढकलायला वीज हजर. कारखान्यातल्या डीसी मोटारीत हे काम कम्युटेटर आणि कार्बन करतात. इथं ते वार्निशची एक रेघ करते.

घरी येऊन आम्ही दहाव्यांदा व्हिडिओ लावला. तीन बाजूंचं त्यात होतंच! नऊ वेळा नजरेसमोरून गेलं होतं. पोरीनं ‘खरवडणं’ पाहिलं होतं, किती ते पाहिलं नव्हतं. मी तर ‘सोप्पंय’ पाहिलं होतं.

डेरेक मुलर यांनी ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठात, व्हिडिओतून खरंच किती शिकलं जातं, यावरच पीएचडी केली, यूट्यूबवर ‘व्हेरिटासियम’ चालवतात तेच हे. त्यांनी विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्राचे स्वच्छ, मुद्देसूद व्हिडिओ दाखवले. मुलं म्हणाली, छान, एकदम स्पष्ट. २६ गुणांच्या चाचणीत सरासरी आधी ६ होती, नंतरही जेमतेम ६ च. दुसऱ्या गटाच्या व्हिडिओत आधी एक पात्र चुकीची समजूत ठासून सांगतं, मग तिची उलटतपासणी होते. तो व्हिडिओ मुलांना गोंधळाचा वाटला, पण सरासरी ११ पर्यंत गेली. स्पष्ट व्हिडिओत मुलांना आपलीच जुनी समजूत दिसत राहिली होती, आणि त्यांचा आत्मविश्वास तेवढा वाढला होता. हे वाचलं तेव्हा मला ती भाजी निवडायला गेलेली बाई आठवली.

२०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांतले ६९ लाख वेळा पाहिलेले तुकडे तपासून संशोधकांनी सांगितलं, की सहा मिनिटांच्या आतला व्हिडिओ लोक टिकून बघतात. तेव्हापासून ‘सहा मिनिटं’ हा मंत्र झालाय. पण त्यात मोजलं होतं ते बघणं. भाचीनं दोन मिनिटांची फिल्म नऊ वेळा शेवटपर्यंत पाहिली. त्या मोजपट्टीवर ती पहिल्या नंबरानं पास, आणि मोटार बंद.

वाइंडिंगवाल्या काकांनी व्हिडिओपेक्षा जास्त काही सांगितलं नाही, उलट कमीच. फक्त त्यांना तिची तार दिसत होती. व्हिडिओतले हात कितीही कुशल असोत, त्यांना आपले हात दिसत नाहीत. म्हणून मला वाटतं, शाळांनी व्हिडिओ खुशाल लावावेत, भरपूर लावावेत, आणि त्यामुळं वाचलेल्या वेळात बाईंनी बाकांमधून फिरून कोणी कुठं किती खरवडलंय ते उजेडात धरून बघावं. सध्या उलटं होतं. व्हिडिओ लावायचा आणि त्या वेळात ऑनलाइन माहिती भरायची. यात बाईंचा दोष नाही, ती माहिती त्याच दिवशी हवी असते.

नवी मीटरभर तार आली. भाचीनं ती सेलवरच दहा वेळा गुंडाळून वेटोळं काढलं, ब्लेड मी धरलं. चौथ्या बाजूवर तिनं बॉलपेननं खूण केली होती. टिचकी मारली आणि वेटोळं सुटलं ते इतकं भन्नाट, की त्याच्या कडा दिसेनाशा झाल्या. ती काही बोललीच नाही. थोड्या वेळानं तिनं चुंबक उचलून पालथं लावलं. वेटोळं अडखळलं, तिनं उलट्या बाजूनं टिचकी मारली, आणि ते उलटं फिरू लागलं.

“असं का गं, मावशी?”

मी मोबाइल शोधायला उठले. तो आईकडं होता. स्वयंपाकघरात ती चष्मा कपाळावर सरकवून, पिठाचं बोट पडद्यावर दाबून, एका नव्या बाईला थांबवत होती. “हां. आता धर तसाच हात.”